वृद्धाश्रमातल्या आई-आजोबांना फ्लूची लस: कोणती, कधी, आणि फक्त त्यांनाच का?

पावसाळा तोंडावर आला की ओळखीतल्यांचे दोन प्रकारचे फोन सुरू होतात. पहिला, "गेल्या वर्षी लस दिली होती ना, तरी बाबांना खोकला झालाच, मग कशाला उगाच टोचायचं?" आणि दुसरा, "लस दिलीये, आता नो टेन्शन." मला दोन्ही पटत नाहीत, आणि का पटत नाहीत ते जरा सविस्तर लिहितोय, कारण माझी आत्या पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात असते आणि चुलतभावाच्या सासूबाई इंग्लंडमधल्या केअर होममध्ये, त्यामुळे इथलं-तिथलं दोन्हीकडचं बरंच वाचून झालंय. मी डॉक्टर नाही. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा, पण त्यांच्याकडे जाताना काय विचारायचं हे माहीत असलेलं बरं.

आधी माझं मत सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. लस द्यायची. जी वेळेवर मिळेल ती द्यायची, भारी मिळेल म्हणून थांबायचं नाही. आणि आश्रमातल्या मावशींना, मामांना, सिस्टरना पण द्यायला लावायची, हा मुद्दा सगळ्यात जास्त राहून जातो. आता एकेक बघू.

काहीच न देणं की साधी लस?

साधी लस म्हणजे आपल्याकडे क्लिनिकला मिळते ती, मेलेल्या विषाणूचे तुकडे असलेली, दंडात द्यायची. ती वृद्धाश्रमात कितपत चालते याचे आकडे पहिल्यांदा वाचले की माणूस गोंधळतो. २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात टॉम जेफरसन आणि मंडळींनी जगभरचे अभ्यास एकत्र करून मांडले होते. वृद्धाश्रमात राहणाऱ्यांमध्ये, लसीतला विषाणू आणि बाहेर फिरणारा विषाणू जुळत असेल तेव्हा, फ्लूसारखा आजार लसीमुळे कमी झाला फक्त २३ टक्क्यांनी. हे ऐकून पहिल्या फोनवाला म्हणणार, बघ मी सांगत नव्हतो! पण त्याच अभ्यासात पुढे आहे की न्युमोनिया ४६ टक्क्यांनी कमी, हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ ४५ टक्क्यांनी कमी, आणि फ्लू किंवा न्युमोनियाने होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी.

म्हणजे नाक गळायचं ते गळणारच, खोकलाही होईल, पण ॲम्ब्युलन्स बोलवायची वेळ कमी वेळा येईल. शिवाय "फ्लूसारखा आजार" यात बाकीचे पन्नास व्हायरस पण मोजले जातात, आरएसव्ही म्हणा, साध्या सर्दीचे म्हणा, त्यांच्यावर ही लस काहीच करत नाही आणि तिने तसं वचनही दिलेलं नाही. बाबांना लस घेऊन खोकला झाला तो फ्लूच होता हे टेस्ट केल्याशिवाय कोण सांगणार, आणि टेस्ट तर कुणी करतच नाही.

आता इथे एक खोच आहे ती लपवून ठेवणं बरोबर नाही. वरचे ४२-४६ टक्के ज्या अभ्यासांवरून आले ते चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले प्रयोग नव्हते, लस घेतलेले आणि न घेतलेले यांच्यावर नुसती नजर ठेवलेली होती. त्यात गडबड अशी होते की जे आजोबा आधीच शेवटच्या टप्प्यात आहेत, अंथरुणाला खिळलेत, त्यांना डॉक्टर किंवा घरचेच म्हणतात जाऊ दे आता कशाला, आणि जे त्यातल्या त्यात ठणठणीत त्यांना लस मिळते, मग लस घेतलेले जास्त जगले यात लसीचा वाटा किती आणि मुळातल्या तब्येतीचा किती हे वेगळं काढणं महाकठीण. अमेरिकेत हाच प्रश्न २००५ मध्ये संशोधक लोन सिमॉन्सन यांनी उभा केला. ६५ च्या वरच्या लोकांमध्ये लसीकरण १९८० च्या आधी १५ टक्के होतं ते २००१ पर्यंत ६५ टक्क्यांवर गेलं, पण त्या वयातले फ्लूमुळे होणारे हिवाळ्यातले मृत्यू काही त्या प्रमाणात घटलेले दिसले नाहीत. यावर पुष्कळ वाद झाला, अजून होतो.

मग विश्वास कशावर ठेवायचा? चिठ्ठ्या टाकून केलेले प्रयोग कमी आहेत पण आहेत, आणि जगभरचे वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ते एकत्र केलेत. ६५ च्या वरच्या लोकांमध्ये एका सीझनला लस न घेतलेल्या १०० पैकी ६ जणांना फ्लू झाला, घेतलेल्या १०० पैकी २.४ जणांना. म्हणजे साधारण ३० जणांना लस दिली की एकाचा फ्लू टळला. मृत्यू आणि न्युमोनियाबद्दल मात्र तिथे ठाम काही सांगता येईल इतका पुरावा नाही. आणि ही माणसं बहुतेक घरी राहणारी, हिंडती-फिरती. वृद्धाश्रमातल्यांवर निम्म्यांना खोटी लस देऊन प्रयोग करायला आता कुठली समिती परवानगी देणार?

तर माझा हिशोब असा. खरा फायदा ४५ टक्क्यांपेक्षा कमी असेल असं मी धरून चालतो. तरी एका मोठ्या हॉलमध्ये दहा पलंग, जेवणाची एकच पंगत, एकच टीव्ही, अशा ठिकाणी फ्लू शिरला की तो एकावर थांबत नाही, आणि ऐंशीच्या पुढच्या माणसाला फ्लू म्हणजे नुसता ताप नसतो. २०१८ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओचा एक अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, टेस्टमध्ये फ्लू निघाल्यापासून पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच माणसांच्या एरवीच्या दिवसांपेक्षा सहापट. अशा वेळी दंड एक दिवस दुखण्याच्या बदल्यात जो काही फायदा पदरात पडेल तो मी घेतो. काहीच न देणं यात मला कुठलीच बाजू भक्कम दिसत नाही, आजी स्वतः शुद्धीत राहून नको म्हणत असेल तर गोष्ट वेगळी, तिचं ऐकायचं.

साधी की जोरदार?

म्हातारपणी शरीराला लसीचा धडा नीट घेता येत नाही, अँटीबॉडी कमी बनतात आणि लवकर उतरतात. म्हणून परदेशात म्हाताऱ्यांसाठी दोन जोरदार प्रकार निघालेत. एक हाय डोस, साध्या लसीत प्रत्येक स्ट्रेनचे (म्हणजे फ्लूच्या विषाणूच्या उपप्रकाराचे) १५ मायक्रोग्रॅम असतात तर यात ६०, चौपट. दुसरा ॲडजुव्हंटवाला, त्यात एक तेलकट पदार्थ घातलेला असतो, शरीराच्या प्रतिकारशक्तीला जरा ढोसायला.

हाय डोसची मोठी ट्रायल २०१४ ला छापून आली, जवळपास ३२ हजार माणसं, सगळी ६५ च्या पुढची. साध्या लसवाल्यांत १.९ टक्क्यांना फ्लू झाला, हाय डोसवाल्यांत १.४ टक्क्यांना. कंपनीची जाहिरात सांगते "२४ टक्के जास्त प्रभावी", ते खोटं नाही, पण सरळ भाषेत दोनशे जणांमागे एक फ्लू कमी.

आपल्या विषयाला जास्त जवळची ट्रायल म्हणजे अमेरिकेतल्या ८२३ नर्सिंग होम्सची, २०१३-१४ च्या सीझनची. यात माणसांच्या नाही, अख्ख्या नर्सिंग होम्सच्याच चिठ्ठ्या टाकल्या, काही होम्सना हाय डोस, काहींना साधी. श्वसनाच्या आजारासाठी हॉस्पिटलात जायची वेळ साध्या लसीच्या होम्समध्ये ३.९ टक्के रहिवाशांवर आली, हाय डोसच्या होम्समध्ये ३.४ टक्क्यांवर. परत तेच, दोनशेमागे एक. छोटा फरक वाटतो, पण ही लस आणि लस-नाही अशी तुलना नाही हे लक्षात घ्या, आधीच लस घेतलेल्यांच्या वरचा हा जादा फायदा आहे, आणि नर्सिंग होममधून हॉस्पिटलला गेलेलं माणूस परत येताना बऱ्याचदा चालणं विसरून येतं हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको.

मग २०२५ मध्ये डेन्मार्कचा निकाल आला आणि मजा झाली. सव्वातीन लाखांहून जास्त माणसं, सगळी ६५ च्या वर. फ्लू किंवा न्युमोनियासाठी हॉस्पिटल, हाय डोस ०.६८ टक्के आणि साधी ०.७३ टक्के. आकडेशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. नुसत्या फ्लूसाठीच्या भरती मात्र हाय डोसमध्ये बऱ्यापैकी कमी दिसल्या. तर हाय डोस चांगली आहे, चमत्कार नाही.

अमेरिकेने जून २०२२ पासून ६५ च्या पुढच्यांना शक्यतो जोरदार प्रकारच द्या असं सांगितलंय, आणि त्यातच पुढे असंही आहे की तो हाताशी नसेल तर जी लस आहे ती द्या. इंग्लंडने २०१८-१९ पासून ६५ च्या वरच्यांना ॲडजुव्हंटवाली सुरू केली. त्यामुळे ज्यांचे आईवडील तिकडच्या केअर होममध्ये आहेत त्यांनी या निवडीत फार जीव घालायचं कारण नाही, ते तिकडची यंत्रणा बघते. इथे डॉक्टरांना विचारून बघा जोरदार प्रकार मिळतोय का, मिळाला आणि खिशाला परवडला तर उत्तम. नाही मिळाला तर साधी द्या आणि विषय संपवा. आमच्या ओळखीत एका काकूंचा मुलगा "अमेरिकेतून येताना हाय डोस घेऊन येतो" म्हणून बसला होता, ती लस २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागते हे त्याच्या गावीही नाही, आणि तो येईपर्यंत इकडे ऑगस्ट उजाडला.

दोन-तीन किरकोळ गोष्टी याच भागात उरकतो. क्लिनिकमध्ये "तीन स्ट्रेनची की चार स्ट्रेनची" असं विचारतात. चौथा स्ट्रेन म्हणजे बी-यामागाटा, तो मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेलाच नाही, आणि डब्ल्यूएचओनेही तो लसीतून काढा असं सांगितलंय, तेव्हा तीनवाली मिळाली तर कमी मिळालं असं समजू नका. स्वाइन फ्लूची वेगळी लस लागते का हा पुण्यात २००९ पाहिलेल्यांचा हमखास प्रश्न. नाही लागत, तो एच१एन१ आता दरवर्षीच्या नेहमीच्या लसीतच असतो. आणि नाकात फवारायची जी लस असते ती जिवंत विषाणूची, ती म्हाताऱ्यांसाठी नाही.

आजीला की मावशींना?

सगळ्यात जास्त वेळ मला या मुद्द्यावर घालवायचाय.

आत्याच्या आश्रमात दुपारी जाऊन बसलं की दिसतं. ज्यांना स्वतःच्या हाताने जेवता येत नाही त्यांना मावशी भरवतात, मऊ खिचडी, एक घास या आजीला, मग उठून पलीकडच्या आजीला, मध्येच कुणाचं तोंड पुसायचं, कुणाची उशी सारखी करायची, कुणाचं डायपर. एकदा एका मावशींना सडकून सर्दी झालेली, पदराने नाक पुसायच्या आणि पुढचा घास. मी विचारलं, मावशी, सुट्टी का नाही घेतली? त्या म्हणाल्या, "दादा, खाडा केला की पैसे कापतात." ब्युरोकडून आलेल्या, बारा तासांची ड्युटी, रजेचा पगार नाही. आता यात त्यांना बोल लावायचा की आपण भरतो त्या फीमधून त्यांच्या आजारपणाचे दोन दिवस निघत नाहीत याला, तुम्हीच ठरवा.

आजी तर आश्रमाच्या फाटकाबाहेर पडत नाही. फ्लू तिच्यापर्यंत चालत येतो तो याच लोकांबरोबर, नाहीतर आपल्यासारख्या रविवारी खाऊ घेऊन येणाऱ्यांबरोबर. आणि गंमत अशी की लस चालते ती तरुण शरीरात जास्त. म्हणजे आजीला दिलेल्या लसीपेक्षा पस्तिशीच्या मावशीला दिलेली लस जास्त पक्की बसते.

याचा पुरावा काय? स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये म्हाताऱ्यांच्या दीर्घकाळ राहायच्या हॉस्पिटल्समध्ये प्रयोग झाला, २००० साली छापला. काही हॉस्पिटल्समध्ये स्टाफला लस देऊ केली आणि निम्म्या स्टाफने घेतली, बाकी ठिकाणी जेमतेम ५ टक्क्यांनी. हिवाळ्यात पेशंटचे मृत्यू लसवाल्या ठिकाणी १३.६ टक्के, दुसरीकडे २२.४ टक्के. नंतर इंग्लंडमध्ये ४४ केअर होम्समध्ये ॲन्ड्र्यू हेवर्ड आणि त्यांच्या टीमने तसंच केलं, २००६ ला बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलं. २००३-०४ च्या हिवाळ्यात फ्लू जोरात असताना स्टाफला लस दिलेल्या होम्समध्ये दर १०० रहिवाशांमागे ५ मृत्यू कमी. शंभरात पाच! वर दोनशेमागे एकासाठी आपण एवढं डोकं लावत होतो.

पण थांबा, हेही तितकं साधं नाही. ग्लासगोत जेव्हा पेशंटची फ्लूसाठी टेस्ट केली तेव्हा दोन्हीकडे फ्लूचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, मग मृत्यू कशाने कमी झाले हा प्रश्न उरतोच. इंग्लंडच्या प्रयोगात दुसऱ्या वर्षी फ्लूच कमी होता तर फरक काहीच दिसला नाही. कॉक्रेनवाल्यांनी हे सगळे प्रयोग तपासून २०१६ मध्ये सांगितलं की स्टाफला लस दिल्याने रहिवाशांचा टेस्टमध्ये सिद्ध झालेला फ्लू कमी होतो असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही. तर शंभरात पाच हा आकडा मी डोळे मिटून घेत नाही. त्याच्या अर्ध्याच्या अर्धा धरला तरी मला पुरेसा आहे, कारण दुसरी बाजू बघा ना, त्या मावशीला स्वतःला फ्लू झाला तर तिचाही पगार बुडतो, घरी लहान पोरं आहेत त्यांना होतो.

पोरांवरून आठवलं, जपानमध्ये एके काळी शाळेतल्या मुलांना फ्लूची लस सक्तीची होती. १९८७ मध्ये सक्ती सैल झाली, १९९४ मध्ये कार्यक्रमच बंद पडला, आणि त्यानंतर हिवाळ्यातले जादा मृत्यू वाढले, ते मुख्यतः म्हाताऱ्यांमधले. २००१ च्या एका अभ्यासाने असा हिशोब मांडला की साधारण ४२० मुलांना लस दिली की एक मृत्यू टळत होता. देशाच्या आकड्यांवरून काढलेला अंदाज आहे, त्यात बाकीची कारणं मिसळलेली असणार. पण नातवंडं दर रविवारी आजीला भेटायला नेत असाल तर त्यांची लस ही पण आजीचीच लस समजा.

खर्चाचं म्हणाल तर खासगीत एक डोस हजार-दोन हजारांच्या घरात जातो. आश्रमाला सगळ्या स्टाफसाठी हा खर्च जड जातो, मालक लगेच हात वर करतात. आमच्याकडे नातेवाईकांनी वर्गणी काढली, आश्रमाने डॉक्टरांना बोलावून तिथेच कॅम्प लावला. मावशींपैकी काही जणी आधी नाही म्हणाल्या, "टोचलं की ताप येतो आणि मग खाडा होतो," ही त्यांची खरी अडचण, विज्ञानाची नाहीच. दुसऱ्या दिवशीची भरपगारी सुट्टी द्यायची असं मालकांकडून कबूल करून घेतलं तेव्हा बहुतेक तयार झाल्या.

लस की गोळ्या?

ऑसेल्टामिविर, म्हणजे टॅमिफ्लू, आपल्याकडे फ्लुविर आणि अँटिफ्लू नावानेही मिळते. काही जण म्हणतात, फ्लू झाला की गोळी देऊ, लस कशाला. गोळी कामाची आहेच. २००१ मध्ये आलेल्या एका प्रयोगात केअर होममधल्या म्हाताऱ्यांना सहा आठवडे रोज एक ७५ मिलिग्रॅमची गोळी दिली, फ्लू झाला ०.४ टक्क्यांना, आणि खोट्या गोळीवाल्यांत ४.४ टक्क्यांना. ९२ टक्के कमी, कुठल्याही लसीच्या वरताण. पण त्यातले बहुतेक सगळे आधीच लस घेतलेले होते, म्हणजे तो लसीच्या वरचा फायदा. आणि सहा आठवडे रोज गोळी हे सीझनभर सगळ्यांना कोण देणार, मळमळते, उलट्या होतात, आणि किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, जे या वयात निम्म्या जणांचं असतं.

गोळीची खरी जागा साथ शिरल्यावर. अमेरिकेतला नियम सोपा आहे, ७२ तासांत दोन रहिवासी आजारी पडले आणि त्यातल्या एकाची जरी फ्लू टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी साथ समजायची, आणि त्या मजल्यावरच्या सगळ्यांना, लस घेतलेल्यांनाही, गोळ्या सुरू करायच्या, निदान दोन आठवडे, आणि शेवटचा पेशंट सापडल्यावर पुढे सात दिवस. आपल्याकडच्या आश्रमांत याची तयारी क्वचितच दिसते. तोवर क्रोसिन आणि वाफ चालू असते.

यात एक फसवणारी गोष्ट म्हणजे म्हाताऱ्या माणसाला फ्लूमध्ये ताप येईलच असं नाही. आजी एकदम जेवेनाशी झाली, बरळायला लागली, बाथरूमला जाताना पडली, एवढंच दिसतं, आणि सगळे म्हणतात वय झालं. गोळीचा उपयोग आजार सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सर्वात जास्त, आणि ते ४८ तास बहुतेक वेळा "वय झालं" यातच जातात. म्हणून लस आणि गोळी यात निवड करायचीच नसते, पण कुणी करायलाच लावली तर लस, कारण तिला कुणाच्या लक्षात येण्याची गरज पडत नाही.

पावसाळ्याआधी की हिवाळ्याआधी?

तिकडचे लेख वाचून इकडे लोक ऑक्टोबरात लस द्यायला निघतात. इंग्लंडला ते बरोबर, त्यांचा फ्लू हिवाळ्यातला. महाराष्ट्रात मोठी लाट पावसाळ्यात येते, जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरी छोटी जानेवारी ते मार्च. लस घेतल्यावर अँटीबॉडी तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, आणि म्हाताऱ्यांत चार-सहा महिन्यांत जोर उतरायला लागतो. म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मे, फार तर जूनचा पहिला पंधरवडा. डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा लसीचा फॉर्म्युला ठरवतं, उत्तर गोलार्धाचा आणि दक्षिण गोलार्धाचा. उन्हाळ्यात जाताना दुकानदाराला डब्यावर चालू वर्षाचा दक्षिण गोलार्ध लिहिलंय का बघायला सांगा, आपण उत्तर गोलार्धात असलो तरी तेव्हा ताजा फॉर्म्युला तोच असतो. गेल्या हिवाळ्याचा उरलेला स्टॉक गळ्यात मारायचे प्रकार होतात, एक्स्पायरी बघाच.

मे महिना हुकला तर सोडून देऊ नका, जुलैत द्या, अगदी ऑगस्टातही. वर्षातून दोनदा द्यायची का असं लोक विचारतात, तो निर्णय डॉक्टरांवर सोपवा. ज्यांचे आईवडील सहा महिने इथे सहा महिने मुलाकडे लंडनला असतात त्यांनी मात्र हा प्रश्न मुद्दाम काढा, कारण त्यांना दोन्हीकडचे सीझन गाठतात.

कुठल्या वर्षी लस नीट जुळेल हे आधी कळत नाही. २०१४-१५ मध्ये एच३एन२ हा फ्लूचा उपप्रकार बदलला आणि अमेरिकेत सगळ्या वयांत मिळून लसीचा परिणाम १९ टक्क्यांवर घसरला, आणि एच३एन२ म्हाताऱ्यांवरच जास्त तुटून पडतो. अशी वर्षं येणार, म्हणून तर नुसत्या आजीच्या लसीवर भिस्त ठेवायची नाही.

न्युमोनियाची लस?

ही फ्लूच्या लसीच्या जागी नाही, सोबत. फ्लू येऊन छाती कमजोर करतो आणि मागून न्युमोकोकस हा न्युमोनियाचा जंतू शिरतो. जपानमध्ये नर्सिंग होममधल्या हजारभर रहिवाशांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला, २०१० ला आला. या जंतूच्या २३ प्रकारांवरच्या लसीने न्युमोकोकसचा न्युमोनिया ६४ टक्क्यांनी कमी झाला. त्यातूनही ज्यांना झाला त्यांच्यात खोट्या लसवाल्या ३७ पैकी १३ गेले, खऱ्या लसवाल्या १४ पैकी एकही नाही. वृद्धाश्रमातल्याच माणसांवरचा इतका स्वच्छ पुरावा फ्लूच्या लसीलाही नाही. आता याच्या नव्या लसी आल्यात, दरवर्षी घ्यावी लागत नाही, कुठली आणि किती डोस ते डॉक्टर सांगतील. फ्लूच्या लसीबरोबर एकाच दिवशी दुसऱ्या दंडात देता येते.

त्रास किती?

थोडक्यात. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण, हाय डोसला जरा जास्त. लसीने फ्लू होत नाही, दंडात द्यायच्या लसीत जिवंत विषाणूच नसतो. गिया-बारे नावाचा नसांचा आजार दहा लाखांत एक-दोघांना, ज्यांना पूर्वी झालाय त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगा. अंड्याची ॲलर्जी ही आता अमेरिकेत अडचण मानत नाहीत. आधीच्या फ्लूच्या लसीचीच जोरदार रिॲक्शन आली असेल तर थांबा. त्या दिवशी चांगला ताप असेल तर उतरू द्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सिस्टरना सांगा, टोचल्यावर जागा जरा जास्त वेळ दाबून धरतील.

आता पैसे आणि उत्साह दोन्ही मर्यादित असतील, बहुतेकांचे असतातच, तर मी असं करीन. मे महिन्यात आईला साधी लस. न्युमोनियाची राहिली असेल तर तीही तेव्हाच. हाय डोससाठी जे जास्तीचे पैसे गेले असते ते, तिला रोज भरवणाऱ्या आणि आंघोळ घालणाऱ्या दोन मावशींच्या लसीला. आश्रमाच्या डॉक्टरांकडे आईचा ताजा क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट देऊन ठेवायचा, म्हणजे उद्या रात्री साथ शिरली तर गोळीचा डोस ठरवायला सकाळची लॅब उघडायची वाट बघावी लागणार नाही. आणि जूननंतर एकदा विचारायचं की मावशी त्याच आहेत ना, कारण ब्युरोवाले मध्येच माणूस बदलतात आणि नवीन आलेल्या मावशींना लस दिलीये का हे कुणालाच माहीत नसतं.